मंजुळेचा साज

१२ जानेवारी, रविवार

माझ्या तोंडाला कुलूप लावायला पाहिजे होतं. आज ते लावलं नाही आणि आता बसलोय डोकं धरून.

सकाळी प्रेमा आणि मी गोराईला पॅगोड्यात गेलो होतो. येताना जेट्टीच्या रस्त्यावर एक टांगा उभा होता. घोडी चांगली, तांबडी, कपाळावर पांढरा टिळा. पण अंगावरचा साज बघितला आणि माझं डोकंच फिरलं. सगळा नायलॉनचा, कुठल्या तरी मोडक्या गाडीचे सीटबेल्ट कापून गाठी मारलेल्या. पोटाखाली तंग बांधतात त्या जागेवर कातडी सोललेली आणि वर माश्या. मी तिथेच टांगेवाल्याला झापायला सुरुवात केली. म्हटलं, तुझ्या कमरेला सुतळी बांधून तुला गाडी ओढायला लावली तर कसं वाटेल रे?

तुळशीदास त्याचं नाव. गावातलाच, घरचे मासेमारी करतात, हा शेतातली भाजी जेट्टीवर आणतो आणि रविवारी फिरायला येणाऱ्यांना फिरवतो. ऐकून घेतलं बिचाऱ्याने. मग म्हणाला, "काका, मला काय हौस हाय? चामड्याचा साज शिवणारा कुठं राहिलाय? दाखवा, पाया पडतो."

मी म्हणालो, "पड. समोर उभा आहे."

हे मी का म्हणालो? आमचे बा माणदेशात बाजाराच्या गावी टांगेवाल्यांचे साज शिवायचे हे खरं. त्यांच्याशेजारी बसून मी शिकलो हेही खरं. पण मुंबईला आल्यावर अख्खी नोकरी बसडेपोत सीटा शिवण्यात गेली. रेक्झिन शिवणं म्हणजे उशीला अभ्रा घालणं. साजाची गोष्ट वेगळी. तंग सुटला तर टांगा मागे उलटतो आणि माणसं डोक्यावर पडतात.

प्रेमा लाँचमध्ये समोर बसली होती. दूध उतू जाताना बघते तशी माझ्याकडे बघत होती फक्त.

१६ जानेवारी

धारावीत जाऊन चामडं आणलं. चांगलं जाड, वास घेतला आणि बांच्या मांडीशी जाऊन बसल्यासारखं वाटलं. भोकं पाडायची आरी आणि चामडं कापायची रापीही आणली. नव्या आरीची मूठ लहान आहे, हल्ली माणसांचे हात लहान झाले वाटतं.

दर्शना संध्याकाळी लॅबमधून आली आणि तिने दारातच नाक मुरडलं. "पप्पा, घरात चामडं? आजोबांनी तुम्हाला गावातून बाहेर काढलं ते हे सोडायला ना?"

मी म्हटलं, "ते लाचारी सोडायला. हातातली कला सोडायला नाही सांगितलं कुणी." बोलायला बरं वाटलं. पण पोरीचं चुकलं असंही नाही. बांनी खरंच सांगितलं होतं की शहरात जा आणि या कामाचं नावही काढू नको. मी इतकी वर्षं काढलं नाही. मग आता साठी उलटल्यावर कसली खाज आली, देव जाणे. देव मानत नाही मी, पण सवयीने येतं तोंडात.

खरं सांगायचं तर रिटायर झाल्यापासून मला कुणी काही विचारत नाही. त्या तुळशीदासने विचारलं.

२१ जानेवारी

सुरुवात झाली. छातीपट्टा अंदाजाने लांब कापला, शिवायला बसलो. ट्यूबलाइट मंद. दुकानात जाऊन नवी आणली, तीही तसलीच. दुकानदाराला म्हटलं, डुप्लिकेट माल विकतोस काय? तो म्हणतो, काका, पेटवून दाखवू का इथेच? पेटवली. दुकानात झकास उजेड, घरी आणली की धूर भरल्यासारखा. व्होल्टेजची वाट लागलीय आमच्या चाळीत.

टाके वाकडे जातायत. आरी दोनदा बोटात घुसली. काळ्या चामड्यावर काळा दोरा, कुणाला दिसणार? उद्या पांढरा दोरा घेतो. या डायरीच्याही ओळी किती फिक्या छापल्यात. फुकट मिळाली म्हणून काय झालं, बँकेला लाज वाटायला पाहिजे.

२४ जानेवारी

चमत्कार! काल दुपारी वैतागून छातीपट्टा तसाच टाकून विहारात कॅरम खेळायला गेलो होतो. आज हातात घेतला तर शिवण एकदम सरळ. बोट फिरवलं, एकही टाका वरखाली नाही. म्हणजे काल मी उगाच स्वतःला शिव्या घालत होतो. हात विसरत नाही. डोकं विसरतं, हात नाही.

प्रेमाला दाखवलं. म्हणाली, "छान झालाय." मग म्हणाली, "सारखं बसून पाठ धरेल. रोज दुपारी जात जा की किरणभाऊंकडे कॅरमला." हीच बाई मी कॅरमला निघालो की भांडी आपटायची. माणूस हाताने काही करायला लागला की बायकोसुद्धा मान देते.

२९ जानेवारी

गोराईला तंगाचं माप घ्यायला गेलो. घोडीचं नाव मंजुळा. जखमांना मलम लावून तिला मोकळी ठेवलीय, म्हणजे टांगा बंद, म्हणजे घरातली कमाई बंद. तुळशीदास हे बोलला नाही, मला कळलं. मी मंजुळेच्या पोटाखालून वीत लावून माप घेतलं, ती नुसती कान हलवत उभी. बा म्हणायचे, घोडं माप देतं तेव्हा तुझ्यावर भरवसा टाकतं.

तुळशीदासची बायको कमळ चहा घेऊन आली. डाव्या हाताला प्लास्टर. मी सहज विचारलं, पडलात का? तर म्हणाली, "नाय का सांगितलं यांनी? तंगाची गाठ सुटली ना. टांगा पाठी गेला नि मी रस्त्यावर. पाठीमागनं डंपर येत व्हता. त्यानं ब्रेक मारला म्हणून चहा देतंय तुमाला."

 चहा कसा प्यायलो मला आठवत नाही. येताना लाँचमध्ये सारखा तो डंपर डोळ्यांसमोर. आता माझा टाका सुटला तर ही बाई परत रस्त्यावर पडणार आणि दरवेळी डंपर ब्रेक मारणार नाही. नाही म्हणून सांगावं का? फोन हातात घेतला होता. पण काय सांगू? की समोर उभा होता तो नुसता फुशारकी मारत होता?

५ फेब्रुवारी

दिवस खराब. नाक्यावर किरण समोरून आला म्हणे, मी ओळख दाखवली नाही म्हणे. घरी येऊन सुनावून गेला, "काय धोंडिराम, साज शिवायला लागलास तर दोस्त दिसेना झाले?" मी काय करणार, त्याच्या पाठीमागे ऊन होतं. मग गटारावरच्या लादीवरून पाय घसरला. लादी उंच केलीय कुणीतरी, सांगायची पद्धत नाही.

दर्शनाने तेवढंच धरलं. "पप्पा, डोळे दाखवून या. मोतीबिंदू असणार. साधं ऑपरेशन असतं." मी चांगलाच उखडलो. म्हटलं, साज हातात आहे, आता डोळ्याला पट्टी बांधून बसू? आणि ज्याला दिसत नाही तो असे टाके घालतो का? झापडं उचलून तिच्या पुढ्यात टाकली. घोड्याच्या डोळ्यांच्या बाजूला लावतात ती, तशी दोन्ही एकदम जुळी झालीत. दर्शनाने बघितली, मग आईकडे बघितलं. प्रेमा पोळ्या लाटत होती.  जिंकलो.

पण इथे लिहायला हरकत नाही. भीती वाटते. डॉक्टर म्हणाला की काम बंद, तर मग मी कोण? चाळीतला एक म्हातारा.

१० फेब्रुवारी

प्रेमाच्या बोटांना चिरा पडल्यात. अंगठ्याला चिकटपट्टी. विचारलं तर म्हणते मासे साफ करताना काटा लागला. मासे? आठवडाभर वरण आणि भोपळा खातोय मी. कुणाचे मासे साफ करते ही? शेजारी मदतीला जात असेल. या बाईला घरात बसवत नाही.

पूर्वी ती बॅगांच्या कारखान्यात हँडलं शिवायची. कारखाना भिवंडीला गेला, तेव्हापासून घरी. परवा मला म्हणाली, "तंग मी शिवू का? तुम्ही सांगा, मी शिवते." मी हसलो. म्हटलं, बॅगेचं हँडल तुटलं तर डबा पडतो, तंग तुटला तर माणूस. ती पण हसली. चांगली आहे, मनाला लावून घेत नाही.

तंग आजच पुरा झाला. सगळ्यात अवघड काम. चामड्याचे दोन पदर एकावर एक, टाका दोन्हींतून आरपार जायला हवा. मी निम्मा करून कॅरमला गेलो होतो की पुरा, मला आठवेना. आल्यावर बघतो तर पुरा होता. म्हणजे पुरा करूनच गेलो होतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी तुळशीदासचा फोन. "काका, उद्या या. मंजुळा बरी झाली. पण एक हाय. आमच्या आज्यापासनं नेम हाय, नवा साज चढला की पयली फेरी शिवणाऱ्यानं टांग्यात बसून मारायची. कमळ म्हणते, काका बसले तरच मी बसन."

मी म्हणालो, "अरे बसतो की! न बसायला काय झालं?" आवाज असा की जणू रोज बसतो.

फोन ठेवला. प्रेमा महिला मंडळाच्या मीटिंगला गेली होती, जयंतीचा कार्यक्रम ठरवायला. घरात मी एकटा आणि तो साज. एकेक पट्टा मांडीवर घेऊन अंगठ्याने चाचपला. सगळं ठीक. तंगापाशी आलो आणि थबकलो. गाठ बाहेर! बांची शिकवण, तंगाची गाठ दोन पदरांच्या मध्ये लपवायची, बाहेर ठेवली तर घासून झिजते. आणि इथे गाठ पदराबाहेर, वर सोल्यूशन लावून चिकटवलेली, बॅगांच्या हँडलला असते तशी. हे मी कधी केलं? एवढी साधी गोष्ट मी विसरलो?

 हाच तंग घेऊन मी उद्या त्या बाईला बसवणार होतो. रापी घेतली आणि अख्खी शिवण उसवली. परत शिवायला बसलो. ट्यूबलाइट आज फारच मंद, शेवटी दिवा नसल्यासारखाच, बोटांनी भोकं शोधून दोरा ओवला. पण गाठ आत गेली. बा असते तर पाठीवर थाप मारली असती.

प्रेमाला सांगितलं नाही. उगाच माझी चूक तिला कशाला दाखवू? साज पिशवीत भरून पिशवीचं तोंड बांधून ठेवलंय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काल लिहायची ताकद नव्हती. आज लिहितो.

लाँचमध्ये पिशवी माझ्या मांडीवर होती. प्रेमा म्हणाली, "बघू, एकदा हात फिरवते." मी दिली. तिने तोंड सोडलं, आत हात घातला आणि एकदम थांबली.

"तंगाची गाठ कुठं गेली?"

"आत. काल उसवून परत शिवला. बाहेर राहिली होती चुकून."

तिचा चेहरा मला नीट दिसला नाही, पण तिने माझं मनगट धरलं. "परत जाऊया."

"वेड लागलंय का? माणसं वाट बघतायत."

"मला मळमळतंय. परत चला म्हणते ना!"

मी म्हटलं, खाडी केवढीशी, तोंडाला पाणी मार. तोवर जेट्टी आलीच.

तुळशीदासच्या दारात दहापंधरा माणसं गोळा झालेली. कमळचं प्लास्टर निघालेलं. मंजुळेच्या अंगावर साज चढवताना माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. छातीपट्टा बसला, झापडं बसली, लगाम बसला. पोटाखाली हात घालून तंग आवळला. टांगा जुंपला. मंजुळेने पुढचा पाय उचलून परत ठेवला, जणू पसंत आहे म्हणाली.

"चला काका, चढा," तुळशीदास म्हणाला.

तेवढ्यात प्रेमा पुढे आली. "थांबा. तंग उसवायला पाहिजे. मी इथेच शिवून देते, आरी आणलीय मी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं डोकं सटकलं. भर रस्त्यात ओरडलो, "तू गप बस! बॅगांची हँडलं शिवणारी तू, तुला साजातलं काय कळतं गं?"

तुळशीदास बिचारा गोंधळला. कुणाचं ऐकायचं? काकाचंच ऐकणार. मी टांग्यात चढलो, मागच्या सीटवर बसलो. त्याने लगाम हातात घेतला. आणि मग टांगा एका बाजूला कलला. प्रेमा चढत होती. गुडघा दुखतो तिचा, पायरी उंच, कमळने ढकलून वर घेतलं तिला. माझ्या शेजारी येऊन बसली आणि पदर खोचला.

"तू कशाला?" मी म्हणालो. "शिवणाऱ्याने बसायचंय."

"म्हणून तर बसले," ती म्हणाली. तेवढंच. हळू, बाकी कुणाला ऐकू जाणार नाही असं.

आधी मला कळलंच नाही. मग सगळं एकदम कळलं. सरळ टाके. कॅरम. न खाल्लेले मासे. चिकटपट्टी. सोल्यूशनची गाठ. अख्ख्या साजात माझ्या एकट्याच्या हातचं असं काय होतं? फक्त तो तंग. आणि त्याच तंगावर ती येऊन बसली होती.

तुळशीदासने जिभेने टक्क आवाज काढला, मंजुळेने मान उचलली.

"थांब!" मी ओरडलो. "तुळशीदास, घोडी सोड."

"काय झालं काका?"

मी प्रेमाकडे वळलो.  प्रेमाला विचारलं, "कसा शिवलाय मी? खरं सांग."

"वाईट," ती म्हणाली.

"मला दिसत नाही, तुळशीदास," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "नीट दिसत नाही मला. साज हिने शिवलाय. तंग तेवढा मी शिवलाय, तो काढ."

तंग काढल्यावर प्रेमाने त्याचं एक टोक पायाखाली दाबलं आणि दुसरं दोन्ही हातांनी ओढलं. टर्रकन उसवला. मधले टाके खालच्या पदरात गेलेच नव्हते, नुसत्या वरच्या पदरात नक्षी काढली होती मी. कमळने तोंडावर हात घेतला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

दारातल्या मोठ्या भेंडीच्या झाडाखाली बसून प्रेमाने तंग शिवला. मी चामडं गुडघ्यांत धरून बसलो, एवढंच काम उरलं होतं. ती आरी मारायची, दोरा ओढायची, आणि दर टाक्याला दोरा करकरल्याचा आवाज ऐकू यायचा. माझ्यापेक्षा जोरात ओढते. गाठ कुठे मारायची तेवढं मी सांगितलं, आत, पदरांच्या मध्ये, आणि तिने ऐकलं. मग आम्ही दोघं टांग्यात बसलो आणि पहिली फेरी मारली. वळणावर खड्डा आला, टांगा चांगलाच उडाला, मी सीट घट्ट धरली. ती आरामात बसली होती. तिला माहीत होतं तिने काय शिवलंय ते. परत आल्यावर कमळ आपणहून चढून बसली.

मला राग आला होता. अजून आहे. लहान पोराला कॅरममध्ये मुद्दाम जिंकू देतात आणि तो चाळभर नाचतो, तसं केलं हिने माझं. लाँचमध्ये मी खाडीकडे तोंड करून बसलो.  पलीकडचा काठ जवळ आला तेव्हा मला राहवेना.

"मी थांब म्हणालो नसतो तर? उतरली असतीस ना?"

"नाही."

"पडली असतीस गं. मेली असतीस."

"पडले असते," प्रेमा म्हणाली. "तुम्ही एकटेच पडला असतात, तर उद्या म्हणाला असतात की दोरा कच्चा निघाला."

 अगदी हेच म्हणालो असतो मी.